आखाड्याची निवड आणि बारडोलीची साक्ष

मुलगा आठ-नऊ वर्षांचा झाला आणि त्याचे पाय घरात ठरेनासे झाले, की त्याला एखाद्या आखाड्यात किंवा व्यायामशाळेत घालावे असा विचार घरोघरी सुरू होतो. आजच्या काळात या आखाड्याचे नाव बहुधा कराटेचा किंवा तायक्वांदोचा वर्ग असे असते. लाल मातीच्या हौदाऐवजी तेथे गाद्या अंथरलेल्या असतात, लंगोटाऐवजी पांढरा पोशाख असतो आणि कमरेला रंगीत पट्टा असतो. वडील चौकशी करतात ती फीची, वेळेची, आणि काळा पट्टा किती वर्षांत मिळेल याची. या चौकशीत गैर असे काही नाही. परंतु शाळेची निवड आणि आखाड्याची निवड यांत एक मोठा भेद आहे. शाळेत मुलाच्या हाती अक्षर येते. आखाड्यात त्याच्या हाती बळ येते. चुकलेले अक्षर पुसून पुन्हा गिरवता येते. चुकलेल्या बळाचा घाव मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर उमटलेला असतो, आणि तो पुसता येत नाही.

मुलाला कोणाच्या हाती सोपवावे, हा प्रश्न आपल्या बापजाद्यांनाही पडला होता. त्यांनी तो कसा सोडवला हे पाहावयाचे झाल्यास सुरत जिल्ह्यातील बारडोली या गावाची साक्ष काढावी. श्रोत्यांना याचे नवल वाटेल. बारडोलीचे नाव देशाला ठाऊक झाले ते हात न उगारता दिलेल्या लढ्यामुळे. त्या गावाचा लाठीकाठीशी आणि कुस्तीशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो वरवर दिसतो त्याहून जवळचा आहे.

बारडोली सुरतेच्या पूर्वेस, तापीच्या खोऱ्यात वसलेली आहे. सुरतेहून भुसावळकडे येणारा लोहमार्ग बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर अशी स्टेशने घेत खानदेशात उतरतो. म्हणजे मराठी मुलखाला हे गाव परके नाही. यांपैकी सोनगडचा डोंगरी किल्ला अठराव्या शतकाच्या आरंभी पिलाजीराव गायकवाडांनी घेतला आणि गायकवाडांच्या सत्तेचे पहिले ठाणे तेथे वसले. पुढे राजधानी बडोद्यास गेली, तरी भोवतालचा पुष्कळसा मुलूख नवसारी प्रांत म्हणून बडोदे संस्थानातच राहिला. बारडोली तालुका मात्र इंग्रजी अमलात होता. त्यामुळे या भागातील माणसाला दोन राज्ये शेजारी शेजारी पाहावयास मिळत. शिवेपलीकडे सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिवेअलीकडे तसे काही नव्हते. पलीकडच्या राज्याच्या राजधानीत आखाड्यांना राजाश्रय होता. अलीकडे सरकार आखाड्यांकडे संशयानेच पाही.

बडोद्याची ही आखाड्यांची परंपरा बरीचशी मराठी होती. मलखांबाची विद्या दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी ऊर्जितावस्थेस आणली, असे परंपरा सांगते. त्यांच्या शिष्यशाखांतून ती निरनिराळ्या गावी पसरली आणि बडोद्यासही रुजली. ताक, तेल व हळद घालून मुरवलेली तांबडी माती, दंड-बैठका, जोर, मलखांब, लेझीम, लाठी, बनेटी, फरी-गदका, जंबिया असा तेथील अभ्यास असे. या सर्व विद्येची मांडणी करणारा ‘व्यायाम ज्ञानकोश’ हा दहा खंडांचा मराठी ग्रंथही बडोद्यातच सिद्ध झाला. दत्तात्रय चिंतामण ऊर्फ आबासाहेब मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात तो संपादित केला.

तथापि ग्रंथापेक्षा अधिक बोलकी आहे ती एका आखाड्याच्या दारावरची पाटी. १८८० च्या सुमारास बडोद्यात जुम्मादादा नावाच्या एका मुसलमान वस्तादाने आखाडा घातला. त्यांच्या हाताखाली तयार झालेला पट्टशिष्य एक मराठी हिंदू तरुण होता. हेच पुढे ‘राजरत्न प्रो. माणिकराव’ म्हणून प्रसिद्धीस आले. गुरूच्या पश्चात आखाड्याची सूत्रे माणिकरावांकडे आली. संस्थानात त्यांचा मान मोठा होता. संस्थेस स्वतःचे, राजाचे किंवा एखाद्या देवतेचे नाव त्यांना सहज देता आले असते. पण संस्थेचे नाव राहिले ते ‘जुम्मादादा व्यायाम मंदिर’. आजही ती त्याच नावाने ओळखली जाते. ‘मंदिर’ या शब्दाला मुसलमान गुरूचे नाव जोडलेले आहे आणि त्यात कोणाला विसंगती वाटलेली नाही. मुलाला त्या दारातून आत नेणाऱ्या बापाला, येथे माणूस कसा पारखला जातो हे पाटीवरच वाचावयास मिळे.

माणिकरावांचा दुसरा विशेष असा, की ते नामांकित हाडवैद्य होते. मोडलेले हाड बसवणे, उखळलेला सांधा जागेवर आणणे, मुरगळलेल्या पायाला मालिश करणे ही कामे त्यांच्या आखाड्यात नित्य चालत. जुन्या वस्तादांना ही विद्या अवगत असे, कारण त्यांच्या धंद्याची ती गरजच होती. परंतु या गोष्टीला एक नैतिक बाजूही आहे. ज्याने दहा मोडलेले हात बसवले आहेत, त्याला हात मोडणे म्हणजे काय असते याचे भान असते. असा माणूस मुलाला डाव शिकवतो तेव्हा त्या डावाची किंमतही शिकवतो. शिकणाऱ्याच्या इजेची ज्याला फिकीर नाही, किंबहुना इजा ही मर्दानगीची खूण आहे असे जो मुलाच्या मनावर बिंबवतो, त्याच्या अंगी कितीही कसब असो, तो वस्ताद नव्हे.

या आखाड्यातून बाहेर पडलेल्यांची वाट एकच नव्हती, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. जगन्नाथ गणेश गुणे हे १९०७ ते १९१० या काळात माणिकरावांच्या हाताखाली शिकले. तेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास ‘कैवल्यधाम’ स्थापन केले आणि योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेतील उपकरणांनी तपासण्यास आरंभ केला. वस्तादाने त्यांना लाठी दिली होती. त्यांनी त्या शिस्तीतून शास्त्र घडवले. चांगल्या आखाड्यातून बाहेर पडणारी सारी माणसे एका साच्याची निघत नाहीत.

दुसरी वाट छोटुभाई आणि अंबुभाई या पुराणी बंधूंची. अंबुभाईंचा जन्म १८९४ साली सुरतेस झाला. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेस काँग्रेसचे वादळी अधिवेशन झाले. त्यानंतर अरविंद घोष काही दिवस बडोद्यास आले होते. त्या सुमारास या बंधूंनी अरविंदांचे बंधू बारींद्र यांच्याकडून क्रांतिकार्याची दीक्षा घेतली. गावोगाव व्यायामशाळा काढावयाच्या, त्यांतून कणखर तरुण निवडावयाचे आणि वेळ येताच त्यांच्या बळावर परकी सत्ता उलथवावयाची, असा त्यांचा बेत होता. या कार्यातून गुजरातेत व्यायामशाळांची एक चळवळच उभी राहिली. आपला मुलगा दंड-बैठका काढून छाती भरून येतो आहे याचा आईबापांना आनंद होई. त्या छातीत कोणता निश्चय घर करीत आहे हे मात्र पुष्कळांच्या घरी ठाऊक नसे.

१९१८ साली अंबुभाई पाँडेचरीस अरविंदांच्या भेटीस गेले. आपली मंडळी तयार झाली आहेत, आता आज्ञा व्हावी, असे त्यांचे मागणे होते. त्यावर अरविंदांनी सांगितले, की हिंदुस्थानच्या मुक्ततेसाठी सशस्त्र उठावाची गरज कदाचित पडणारही नाही. त्यांनी देश स्वतंत्र होणारच असा भरवसा दिला आणि ही चिंता सोडावयास सांगितले. दहा-अकरा वर्षे ज्या घडीसाठी तयारी केली ती घडीच नको, हे ऐकणे सोपे नव्हते. अंबुभाईंनी ते ऐकले. पुढे ते पाँडेचरीसच राहावयास गेले, आणि छोटुभाईंनी गुजरातेतील व्यायामाचे कार्य उघड लोकशिक्षण म्हणून चालवले. त्या मुलांच्या आईबापांच्या दृष्टीने पाहिले तर १९१८ सालचा हा नकार म्हणजे केवढे मोठे संकट टळणे होते! आखाड्यात घडलेल्या बळाला ‘चल’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार ज्याला आहे आणि ज्याचे ऐकले जाते, असा माणूस क्वचित असतो.

असा माणूस नसला म्हणजे काय होते, ते १९२० नंतरच्या दशकात देशाने पाहिले. खिलाफतीच्या दिवसांतील हिंदु-मुसलमानांचा सलोखा ओसरला, गावोगाव दंगे पेटले, आणि अनेक शहरांत आखाडेही धर्माधर्मांत वाटले गेले. जी लाठी मिरवणुकीत फिरवून दाखवावयाची, ती शेजारच्या आळीवर चालू लागली. जुम्मादादांच्या हाताखाली माणिकराव शिकले त्यास फारशी वर्षे उलटली नव्हती. पण असे गुरू-शिष्य पुन्हा जमणे आता दुर्मिळ झाले. ज्या आखाड्यात मुलाला कुस्तीबरोबर एखाद्या शेजाऱ्याचा द्वेषही शिकवला जातो, तेथे फी कमी असली तरी तो सौदा महागच पडतो. ही गोष्ट त्या काळच्या कित्येक घरांना उशिरा कळली.

याच दशकात बारडोलीची परीक्षा झाली, आणि ती दोनदा झाली. १९२२ च्या आरंभी सामुदायिक कायदेभंगासाठी गांधीजींनी हा तालुका निवडला होता. लोक तयार होते. तेवढ्यात संयुक्त प्रांतातील चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे जाळले. त्यानंतर १२ फेब्रुवारी १९२२ रोजी काँग्रेसच्या कार्यकारिणीने बारडोलीतच ठराव करून लढा थांबवला. देशभर निराशा पसरली. बारडोलीच्या शेतकऱ्यांना न केलेल्या गुन्ह्याचे प्रायश्चित्त मिळाले असे पुष्कळांना वाटले. परंतु थांबण्याच्या आज्ञेचा तो दुसरा पाठ होता.

सहा वर्षांनी, बरोबर १२ फेब्रुवारीसच, वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली साराबंदीचा लढा सुरू झाला. मुंबई सरकारने तालुक्याचा शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला होता. तालुक्याची वस्ती सुमारे ८७ हजार. वल्लभभाईंनी तालुक्यात छावण्या पाडल्या, प्रत्येकीवर एक प्रमुख नेमला आणि गावोगाव स्वयंसेवक उभे केले. जप्तीचे अधिकारी येताना दिसले की ढोल वाजे, आणि क्षणात साऱ्या गावाची दारे बंद होत. माणसे आणि म्हशी महिनोन् महिने एकाच छपराखाली कोंडून राहिल्या. सरकारने जप्तीच्या कामी पठाण आणले. हे शेतकरी दुबळे नव्हते; नांगर धरणारे, रात्री शेत राखणारे हे लोक, काठी कोणाच्याही घरात होती. ती काठी उगारली गेली असती तर सरकारला हवे तेच घडले असते. ती उगारली गेली नाही. ऑगस्ट १९२८ मध्ये तडजोड झाली, आणि पुढे ब्रूमफील्ड व मॅक्सवेल यांच्या चौकशीत २२ टक्क्यांऐवजी सुमारे सहा टक्केच वाढ न्याय्य ठरली.

बारडोलीचे शेतकरी आखाड्यांत घडले होते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु खऱ्या आखाड्याचे जे अंतिम फळ, म्हणजे अंगात बळ असता त्यावर ताबा ठेवणे, ते त्यांनी उघड्या रानात दाखवले. या लढ्यात इमामसाहेब बावाझीर व अब्बास तय्यबजी यांच्यासारखे मुसलमान पुढारी होते. मिठुबेन पेटिट, मणिबेन पटेल, भक्तिबा देसाई यांच्यासारख्या स्त्रिया होत्या. निर्धार हा पुरुषांचा किंवा एका जातीचा मक्ता नाही, हे त्यामुळे आपोआप सिद्ध झाले. मुलींना आखाड्यात पाठवावे की नाही असा प्रश्न आजही ज्यांना पडतो, त्यांनी ही नावे आठवावीत. पुढे १९४० साली गांधीजींनी ‘हरिजन’ पत्रात अहिंसक स्वयंसेवकाच्या शारीरिक शिक्षणाचा विचार मांडला. थंडी-ऊन सोसणे, रात्र जागून काढणे, आगीत शिरून माणसे वाचवणे, असे त्याचे स्वरूप होते. अहिंसेलाही शरीर कमवावे लागते. मात्र ते कोणावर चालवण्यासाठी नव्हे, तर कोणासाठी तरी झिजवण्यासाठी.

येथवरची कथा अभिमानाची आहे. परंतु इतिहासाने एक अप्रिय प्रश्नही विचारला पाहिजे. ज्या बारडोलीत जमीनदार शेतकरी सरकारपुढे ताठ उभा राहिला, त्याच बारडोलीत त्याच्या शेतावर ‘हाळी’ राबत होता. बहुधा दुबळा जमातीचा हा मजूर लग्नासाठी वा पोटासाठी काढलेल्या कर्जापायी पिढ्यान् पिढ्या एका घराशी बांधलेला असे. त्याच्या पोराला कोणत्या आखाड्यात घालावे हा प्रश्न त्याच्या झोपडीत कधी निघालाच नाही. ते पोर सात-आठ वर्षांचे होताच मालकाची गुरे वळू लागे. गांधीजींच्या सहकाऱ्यांनी या जमातींना ‘हळपती’ हे मानाचे नाव दिले, आणि जुगतराम दवे यांनी वेडछीच्या आश्रमात आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले. पण बळाचा धडा अर्ध्याच गावाला मिळाला होता, हे सत्य लपत नाही. म्हणून आखाड्याची पारख करताना त्याच्या दाराची रुंदीही पाहावी लागते. जेथे सर्वांच्या मुलांना एकाच मातीत उतरावे लागते, तेथेच आपल्या मुलाला आपली खरी जागा कळते.

पूर्वेकडील ज्या विद्या आज आपल्या गावी आल्या आहेत, त्यांच्या मूळ गुरूंनीही हेच प्रश्न विचारले होते. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योतील एका बौद्ध देवळात अवघ्या बारा चटयांवर आणि नऊ शिष्यांसह ‘कोदोकान’ ही ज्युदोची शाळा सुरू केली. म्हणजे ती आणि जुम्मादादांचा आखाडा ही जवळजवळ समवयस्क भावंडे होत. काळ्या पट्ट्याची प्रथा कानो यांचीच. पण त्यांच्या शाळेत पट्ट्याच्या आधी प्रतिज्ञा येई. कराटे ओकिनावा बेटाहून जपानच्या मुख्य भूमीवर नेणारे गिचिन फुनाकोशी हे पेशाने शाळामास्तर होते. त्यांनी तोक्योत कराटेचे प्रात्यक्षिक दाखवले ते साल १९२२, म्हणजे बारडोलीच्या ठरावाचेच. पहिला प्रहार आपण करावयाचा नाही, ही त्यांची मुख्य शिकवण. ती बारडोलीच्या कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावी लागली नसती.

तेव्हा आपली विद्या बरी की परकी बरी, हा वाद येथे फारसा उपयोगाचा नाही. २०२२ साली गुजरातेत राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाल्या त्यांत मलखांबाला प्रथमच स्थान मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे; आणि कराटे शिकणारे मूल काही कमी देशी ठरत नाही. पालकाने वर्गाच्या दारात उभे राहून पाहावयाच्या गोष्टी निराळ्या आहेत. गुरू आपल्या गुरूचे नाव कसे घेतो? मूल पडले तर त्याच्याकडे कोण धावते? दांडगे पोर लहान पोराशी खेळताना हात आवरते काय, आणि न आवरल्यास गुरू काय करतो? ‘थांबा’ असा शब्द निघताच सगळे थांबतात काय? शेजारच्या धर्माची, जातीची, गरिबाची मुले त्या रांगेत आहेत काय? या गोष्टी पाहावयास तासभर पुरतो, आणि त्यासाठी डावपेचांचे ज्ञान लागत नाही.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बारडोलीत आजही शोधावे लागते. १९५५ साली तेथे शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना काढला आणि तालुक्यात ऊस मातला. तो तोडण्यासाठी हंगामात खानदेशातून मजुरांच्या टोळ्या येऊ लागल्या. बैलगाडीवर संसार, पाचटाची खोप, आणि फडात आईबापांच्या मागे मोळ्या ओढणारी मुले, असे त्यांचे जिणे. ही मुले याच लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाची, आपल्याच बोलीत बोलणारी. गावात संध्याकाळी पांढऱ्या पोशाखातील मुले रांगेने उभी राहून गुरूला वंदन करतात. आपले मूल त्या रांगेत नीट उभे राहते की नाही हे पालक कौतुकाने पाहतात. त्याच रांगेत उसाच्या फडावरून आलेल्या पोराला आपले मूल सरकून जागा देते काय, हेही त्यांनी एकदा पाहावे. जे मूल जागा देते, त्याच्या हाती बळ सोपवण्यास हरकत नाही.